नदी गेली, खोरे राहिले

राजस्थानच्या उत्तर टोकाला हनुमानगढ, सुरतगढ आणि अनुपगढ यांना जोडणारा चिकणमातीचा एक सपाट पट्टा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या टेकड्या आहेत. पट्ट्याची रुंदी कित्येक ठिकाणी तीन ते सहा किलोमीटर भरते, पण त्यातून वाहणारी घग्गर नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते. तिथले लोक या पट्ट्याला ‘नाली’ म्हणतात. एवढ्या रुंद पात्रात एवढीशी नदी कशी, हा प्रश्न नकाशा पाहणाऱ्याला पडतोच, आणि गेली दीडशे वर्षे त्याला एकच उत्तर दिले जात आले आहे: इथे एके काळी महानदी होती, तिच्या काठी शहरे वसली, नदी आटली आणि शहरे ओस पडली. या उत्तराचा पहिला भाग खरा आहे. पुढचा भाग मात्र पुराव्याला धरून नाही. या खोऱ्यातली वस्ती महानदीच्या जिवावर उभी राहिली नव्हती. महानदी निघून गेल्यावर मागे जे उरले, त्याच्या जिवावर ती उभी राहिली. आणि त्यानंतरची चार-साडेचार हजार वर्षे इथला माणूस कमी पाण्याशी जुळवून घेत, कधी ते दुसरीकडून ओढून आणत जगला आहे.

आधी भूगोल पाहू. घग्गर हिमाचल प्रदेशातल्या शिवालिक टेकड्यांत उगम पावते. तिला हिमनदीचे पाणी नाही, सगळी भिस्त पावसाळ्यावर. पंचकुला, पतियाळा, फतेहाबाद, सिरसा असा प्रवास करत ती राजस्थानात उतरते. वाटेत टांगरी, मारकंडा, आणि आजही सरस्वती किंवा सरसुती या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा प्रवाह तिला येऊन मिळतो. दक्षिणेकडून येणारा चौतांगचा जुना मार्ग सुरतगढजवळ तिच्या पात्राला भेटतो. सीमेपलीकडे याच कोरड्या पात्राला हाकरा म्हणतात. ते बहावलपूरच्या चोलिस्तान वाळवंटातून, देरावरच्या किल्ल्याजवळून नैऋत्येला जाते आणि त्याच्या खुणा पुढे सिंधमधल्या नारा प्रवाहाकडे नेल्या जातात. उत्तरेला सतलज आणि पूर्वेला यमुना या दोन हिमालयीन नद्या या पट्ट्याला जणू बगल देऊन जातात. दोघींमधला हा प्रदेश इतका सपाट आहे की मोठ्या नदीने गाळ साठवून स्वतःचाच मार्ग उंच केला, तर ती एखाद्या पावसाळ्यात कूस बदलून भलतीकडे वाहू लागते.

हे ओळखणारे पहिले लोक ब्रिटिश अंमलातले होते. सी. एफ. ओल्डहॅम या लष्करी डॉक्टराने 1874मध्ये हिंदी वाळवंटातल्या ‘हरवलेल्या नदी’वर लेख लिहिला. 1893मध्ये त्याने तिची सांगड ऋग्वेदातल्या सरस्वतीशी घातली. आर. डी. ओल्डहॅम हा भूशास्त्रज्ञ त्याच काळात पंजाबच्या नद्यांनी मार्ग कसे बदलले असतील याचा विचार करत होता. लुइजी पिओ तेस्सितोरी हा इटालियन भाषापंडित बिकानेर संस्थानातली डिंगळ हस्तलिखिते धुंडाळता धुंडाळता घग्गरीकाठच्या कालीबंगनच्या टेकाडांपर्यंत पोचला. ही टेकाडे मौर्यकाळाच्याही आधीची असावीत अशी शंका त्याला आली होती, पण 1919मध्ये ऐन तिशीत बिकानेरलाच त्याचा मृत्यू झाला. मग 1940-41च्या हिवाळ्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ऑरेल स्टाइन घग्गर-हाकराच्या पात्रातून बिकानेर आणि बहावलपूर अशा दोन्ही संस्थानांत हिंडला. फाळणीनंतर अमलानंद घोष यांनी भारताच्या बाजूची पाहणी केली आणि 1960 ते 1969 या काळात बी. बी. लाल व बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली कालीबंगनचे उत्खनन झाले. 1980मध्ये यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जुने रुंद पात्र स्पष्टपणे रेखाटले. 1980च्याच दशकात उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर सरस्वतीच्या शोधयात्रेला निघाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी पुढे फरमाना आणि राखीगढी इथे खणत होते. म्हणजे या शोधात मराठी माणसांचाही हात आहे. या साऱ्या कामातून एक गोष्ट निर्विवाद ठरली: पात्र खरोखर मोठे आहे आणि त्याच्या आसपास हडप्पाकालीन वस्त्यांची दाटी आहे. मोठे पात्र आणि दाट वस्ती एकाच जागी सापडल्यावर दोन्ही एकाच काळातले मानण्याचा मोह स्वाभाविक होता. गफलत झाली ती इथेच.

पात्र कधीचे आणि शहरे कधीची, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जमिनीखालच्या वाळूत आहे. 1968मध्ये रॉबर्ट रेक्स याने कालीबंगनजवळ घेतलेल्या भोकांतून खोलवर करड्या रंगाची जाड वाळू वर आली. तशी वाळू हिमालयातून येणाऱ्या मोठ्या नद्याच आणतात. म्हणजे महानदी होती. पण ती किती जुनी, हे सांगणारी साधने त्या वेळी नव्हती. ती गेल्या दोन दशकांत आली. वाळूतल्या झिरकॉनच्या कणांचे वय मोजले की ती कोणत्या डोंगरातून आली ते कळते. कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हेही प्रयोगशाळेत ठरवता येते. पीटर क्लिफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2012मध्ये दाखवले की यमुना हा भाग सोडून पूर्वेला गेली ती हडप्पा संस्कृतीच्या फार आधी, हिमयुगाच्या काळात. त्याच वर्षी लिव्यू जोसान यांच्या गटाने म्हटले की हडप्पाकाळात घग्गर-हाकरा ही हिमनद्यांवर पोसलेली नदी नव्हती, ती पावसाळी नदी होती. 2017मध्ये अजित सिंह, राजीव सिन्हा, संजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालीबंगनच्या परिसरात खोल नमुने काढले. त्यांचा निष्कर्ष असा की हे रुंद पात्र सतलजचे होते आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच ती आजच्या मार्गाला लागली. हडप्पा शहरांचा भरभराटीचा काळ आजपासून साधारण 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा. दोहोंमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. कालीबंगनच्या तटावर उभा असलेला माणूस ज्या पात्राकडे पाहत होता, ते त्याच्या दृष्टीनेही प्राचीनच होते.

मग लोक तिथे का वसले? मोठी हिमालयीन नदी जितके देते तितकेच घेतेही. तिचा काठ स्थिर नसतो. एखाद्या वर्षी ती शेत देते आणि दुसऱ्या वर्षी गावच गिळते. सतलज निघून गेल्यावर मागे उरला तो आजूबाजूच्या वाळूपेक्षा सखल असा लांबलचक खोलगट पट्टा. पावसाळ्यात घग्गरीचे आणि तिच्या उपनद्यांचे पाणी त्यात पसरत असे. वेग कमी, त्यामुळे वाळूऐवजी बारीक चिकणमाती बसत असे. पूर ओसरला की ओल धरलेल्या त्या मातीत बार्ली, गहू, हरभरा पेरायचा आणि बाकी काम हिवाळ्याच्या थंडीवर सोपवायचे. नदीने गाव वाहून नेण्याची भीती नव्हती. पिण्याच्या पाण्याला विहीर होती, कालीबंगनमध्ये भाजक्या विटांच्या विहिरी सापडल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातले महसुली अधिकारी सिरसा जिल्ह्यातल्या याच कठीण चिकणमातीच्या पट्ट्याला ‘सोतर’ म्हणून बाजूला काढत, कारण बाजूच्या वालुकामय जमिनीपेक्षा त्याचे वागणे निराळे होते: पूर आला तर भरघोस पीक, नाही आला तर दगडासारखी जमीन. म्हणजे इथली शेती नदीच्या थोरवीपेक्षा तिच्या पसरट, संथ पुरावर अवलंबून होती.

कालीबंगनच्या तटाबाहेर सापडलेले नांगरलेले शेत याच शेतीची साक्ष देते. ते शहरी हडप्पाकाळाच्याही आधीचे, म्हणजे इ. स. पू. 2600च्या मागचे आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या नांगरटीच्या पुराव्यांत त्याची गणना होते. त्यात दोन दिशांनी आडव्या-उभ्या सऱ्या आहेत. एका दिशेच्या सऱ्या सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावर, तर दुसऱ्या दिशेच्या जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटिमीटर अंतरावर. उत्खनन चालू असताना आसपासचे शेतकरी अगदी याच पद्धतीने नांगरत होते. जवळच्या सऱ्यांत हरभऱ्यासारखे बुटके पीक आणि दूरच्या सऱ्यांत उंच वाढणारी मोहरी घेतली की एकाची सावली दुसऱ्यावर फारशी पडत नाही. दोन्ही रब्बीची पिके, दोन्ही कमी पाण्याची. पुराच्या उरलेल्या ओलीवर दोन पिके साधण्याची ही युक्ती आहे. बारमाही नदी दाराशी असलेल्याला ओलीचा एवढा हिशेब ठेवावा लागत नाही, असे मला वाटते. अर्थात एका शेतावरून सगळ्या खोऱ्याचा निवाडा करता येणार नाही, पण जमिनीखालची वाळू जे सांगते त्याला हे शेत दुजोरा देते.

यावर आक्षेप आहेत आणि ते किरकोळ नाहीत. सर्वांत गंभीर आक्षेप शास्त्रीय आहे. 2019मध्ये अनिर्बाण चॅटर्जी, ज्योतिरंजन रे आणि सहकाऱ्यांनी घग्गरीच्या पात्रातल्या वाळूच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला की सुमारे नऊ हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काळात ही नदी पुन्हा बारमाही झाली होती, बहुधा सतलजच्या फाट्यांनी तिला पाणी पुरवल्यामुळे. हे खरे धरले तर माझे म्हणणे कोसळते का? थोडे हलते, कोसळत नाही. एक तर हा गटही सतलजचा मुख्य प्रवाह हडप्पाकाळात इथून वाहत होता असे म्हणत नाही. त्यांचा भर फाट्यांवर आहे, आणि फाट्यांचे पाणी म्हणजे महानदी नव्हे. दुसरे म्हणजे त्यांच्याच कालगणनेनुसार हा बारमाही काळ साडेचार हजार वर्षांपूर्वी संपतो. शहरे ऐन भरात असताना आणि त्यांची पुढची काही शतके शिल्लक असताना. म्हणजे त्यांचे सगळे मान्य केले तरी मोठी शहरे घटत्या पाण्यावर उभी होती, एवढे उरतेच. वाळू सर्व ठिकाणी एकच गोष्ट सांगत नसेल, हेही शक्य आहे. तीनशे-चारशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात एका भागाला फाट्याचे पाणी मिळाले आणि दुसऱ्याला नाही, असे सहज घडू शकते.

दुसरा आक्षेप वस्त्यांच्या संख्येचा. रफीक मुघल यांनी 1974 ते 1977 या काळात चोलिस्तानात केलेल्या पाहणीत ऐन हडप्पाकाळाची 174 ठिकाणे नोंदवली. एवढी दाटी महानदीशिवाय कशी, असे विचारले जाते. पण ठिकाणे मोजण्यात एक खोच आहे. वाळवंटात हजार वर्षे कोणी नांगर धरला नाही, त्यामुळे तिथली खापरे आजही उघड्यावर पडलेली दिसतात. पंजाबच्या सुपीक मैदानात तशाच वस्त्या गाळाखाली गाडल्या गेल्या, नांगराने मोडल्या किंवा आजच्या गावाखाली दडल्या. चोलिस्तानातली दाटी काही अंशी जतनाची दाटी आहे. शिवाय त्यातली बरीच ठिकाणे लहान आणि थोड्या काळाची आहेत. सगळी एकाच वेळी नांदत नव्हती. पूर यंदा जिथे पसरला तिथे वस्ती, पुढे तो सरकला की वस्तीही सरकली. अशी फिरती वस्ती बेभरवशाच्या पाण्याशी अधिक जुळते.

तिसरा आक्षेप ऋग्वेदाचा. त्यातली सरस्वती थोर आणि वेगवान आहे, मग ती हीच कशी नसेल? स्तुतिपर काव्यातून नदीचे मोजमाप काढणे धोक्याचे असते, पण काव्याला साक्षीदार म्हणून बोलवायचेच असेल तर त्याची पूर्ण साक्ष ऐकावी. दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात गंगा, यमुना, सरस्वती आणि शुतुद्री, म्हणजे सतलज, अशी वेगवेगळी नावे ओळीने येतात. तिसऱ्या मंडलात विश्वामित्र विपाशा आणि शुतुद्री यांच्याशी एकत्र बोलतो. त्या दोघी, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, जोडीने वाहत असल्याचे वर्णन तिथे आहे. सतलज तेव्हाच पश्चिमेला बियासकडे गेली होती, असा त्याचा सरळ अर्थ. पुढच्या ब्राह्मणग्रंथांत आणि महाभारतात सरस्वती विनशन नावाच्या ठिकाणी वाळूत लुप्त होते, आणि घग्गरीच्या बाबतीत ते आजही घडते. सरस्वती म्हणजे घग्गर मानायला माझी हरकत नाही. त्यासाठी तिला महानदी मानायला हवे असे मात्र नाही. ‘हरवलेली नदी’ या कल्पनेला एक भावनिक वजन आहे आणि अलीकडे तिला सरकारी मंडळेही लाभली आहेत, त्यामुळे हा फरक बोलून दाखवला की काही जणांना तो नकार वाटतो. पण पावसाळी नदीकाठी नगरे उभारून दाखवणाऱ्यांचे कर्तृत्व महानदीच्या काठी बसलेल्यांपेक्षा कमी कसे ठरेल?

इ. स. पू. 1900च्या सुमारास कालीबंगन ओस पडले. मुघल यांच्या यादीत उत्तर हडप्पाकाळाची ठिकाणे 174वरून 50वर येतात आणि त्यानंतरच्या राखाडी रंगीत खापरांच्या काळाची अवघी 14 उरतात. पाऊस घटत गेला, पूर खालच्या भागापर्यंत पोचेनासे झाले, हे त्याचे सर्वांत सरळ कारण दिसते. त्याच काळात वरच्या अंगाला, म्हणजे हरियाणा, पूर्व पंजाब आणि यमुनेपलीकडच्या प्रदेशात, लहान वस्त्यांची संख्या वाढते. लोक पाण्यामागे वर सरकले. शहरे मोडली, शेतकरी टिकले. नदी अचानक आटून संस्कृती संपली असती, तर असा चढता, शतकानुशतके चाललेला सरकाव दिसला नसता.

पुढच्या काळाबद्दल फारसे लिहिले जात नाही, आणि माझ्या मते हीच या विषयातली मोठी उणीव आहे, कारण ‘मृत’ म्हटलेले हे खोरे पुन्हा पुन्हा वसले. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत सुरतगढजवळच्या रंगमहाल भागात दाट वस्ती होती. हान्ना रिद यांच्या स्वीडिश पथकाने 1952 ते 1954 या काळात तिथे खणले तेव्हा कुषाण नाणी आणि रंगीत नक्षीची लाल खापरे निघाली, आणि या भागातून मिळालेली मातीची शिल्पे बिकानेरच्या संग्रहालयात आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता मुलतानहून दिल्लीला जाताना सरसुतीत, म्हणजे आजच्या सिरशात, थांबला. तिथला तांदूळ उत्तम असून तो दिल्लीला जातो, असे त्याने लिहून ठेवले आहे. वाळवंटाच्या कडेला दिल्लीला पुरवण्याइतका तांदूळ! साठ-पासष्ट वर्षांनी, 1398मध्ये, तैमूर भटनेरवर, म्हणजे आजच्या हनुमानगढवर चालून आला. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वृत्तान्तात मात्र हा किल्ला निर्जल मुलखात आहे आणि वेशीसमोरच्या, पावसाळ्यात भरणाऱ्या तळ्यावर लोक जगतात असे वर्णन येते. दोन्ही वर्णने खरी असू शकतात. वरच्या अंगाला पुराचे पाणी पसरून भात पिकतो आणि थोड्याच अंतरावर खाली तळ्यात साठवल्याशिवाय घोटही मिळत नाही, हाच या खोऱ्याचा स्वभाव. भटनेर, मरोट, देरावर हे किल्ले जुन्या पात्राच्या ओळीने उभे आहेत तेही याच कारणाने. मुलतान-दिल्ली वाटेवरच्या तांड्यांना पाणी मिळण्याची आशा असलेली हीच ओळ होती.

पाणी दुसरीकडून आणण्याचा उद्योगही जुनाच. चौदाव्या शतकाच्या मध्याला फिरोजशहा तुघलकाने हिसार वसवले आणि त्यासाठी यमुनेचे पाणी कालव्याने वळवले, तेव्हा चौतांगचे कोरडे पात्र त्याला आयते मिळाले. अकबराच्या काळात तोच कालवा पुन्हा साफ करण्यात आला. 1896-97मध्ये ब्रिटिश सरकार आणि बिकानेर संस्थान यांनी मिळून सिरशाजवळ ओटू इथे घग्गरीवर बंधारा घातला. पण घग्गरीजवळच पाणी नसेल तर बंधारा काय अडवणार? विक्रम संवत 1956च्या भीषण दुष्काळाने, म्हणजे राजस्थानात अजून आठवल्या जाणाऱ्या ‘छप्पनिया’ने, बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांना दूरच्या पाण्याचा ध्यास लावला. 1920मध्ये सतलजच्या पाण्याबाबत पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात करार झाला. बिकानेर सतलजच्या काठावर नाही, मग तिच्या पाण्यावर त्याचा हक्क कसला, हा बहावलपूरचा आक्षेप होता. 26 ऑक्टोबर 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते गंग कालवा सुरू झाला. आठ हजार वर्षांपूर्वी सतलज जो मुलूख सोडून गेली होती, त्यात तिचे पाणी चुन्याच्या काँक्रीटचे अस्तर लावलेल्या कालव्यातून परत आणण्यात आले. 31 मार्च 1958 रोजी पायाभरणी झालेल्या राजस्थान कालव्याने, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याने, सतलज-बियास संगमावरच्या हरिके धरणातून आणखी मोठा ओघ या वाळवंटात आणला.

आणि मग खोऱ्याने आपला जुना स्वभाव दाखवला. नालीतल्या चिकणमातीत आता पुन्हा भात होतो. पण 1960च्या दशकात घग्गरीच्या पुरापासून वाचण्यासाठी तिचे जादा पाणी सुरतगढच्या बाजूला, वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांत सोडण्यात आले, तेव्हा खाली जिप्समचे पाणी न मुरू देणारे थर आहेत हे पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. पाणी तिथेच साचले, बडोपळसारख्या गावांची शेते पाणथळ झाली आणि मीठ वर आले. कालव्यांच्या पाझराने पुढे इतर ठिकाणीही हेच घडले. तिथले शेतकरी याला ‘सेम’ म्हणतात आणि दुष्काळाइतकेच त्याला घाबरतात. जुलै 2023मध्ये शिवालिकात जोराचा पाऊस झाला, घग्गरीने पतियाळा, फतेहाबाद आणि सिरशात बांध फोडले आणि हनुमानगढमध्ये लोक दिवसरात्र मातीच्या गोण्या रचत होते. नाली ही नदी नसून शेत आहे असे गृहीत धरून तिच्यात घरे, रस्ते आणि बांध उभे राहिले होते. पुराचे पाणी मात्र अनुपगढकडे गेले ते त्याच जुन्या, सतलजने कोरून ठेवलेल्या पट्ट्यातून.